मामंजींची भूक

७ जून २००३, शनिवार

पोचले एकदाची! स्टेट कॉलेज या आमच्या युनिव्हर्सिटीच्या गावाहून एकतीस तास, तीनदा बस बदलून, पाठीचा पार भुगा, आणि तरी उतरले ती हसतच. फ्लोरिडातल्या नेपल्सच्या स्टँडवर चंद्रशेखर काका हातात पुठ्ठा धरून उभे. पुठ्ठ्यावर मार्करने देवनागरीत ‘पद्मिनी’. शेजारून जाणारे लोक तो सुलटा धरलाय की उलटा ते बघत होते. शोभना काकूंनी डब्यात साबुदाण्याची खिचडी आणली होती, गाडीत बसल्या बसल्या मी ती संपवली. माझी नागपुरी मराठी ऐकून काकू दोनदा हसल्या.

काका न्यू जर्सीत तीस वर्षं भूल देणारे डॉक्टर होते. रिटायर झाल्यावर त्यांनी फ्लोरिडात, मेक्सिकोच्या आखाताच्या बाजूला, एक छोटं बेट घेतलं आणि त्यावर महाकासवं मोकळी सोडली. पाडव्याला न्यू जर्सीतच, आयसेलिनला, माझी रूममेट देवयानी हिच्या मावशीने सगळ्यांना जेवायला बोलावलं होतं, तिथे त्यांची ओळख झाली. प्राणिशास्त्र शिकलेलं कुणीतरी उन्हाळाभर बेटावर राहायला हवंय, असं ते म्हणाले. पानात श्रीखंड पडायच्या आत मी हो म्हणून टाकलं होतं.

विद्यार्थी व्हिसावर युनिव्हर्सिटीबाहेर काम करता येत नाही. म्हणून गाइडना सांगितलंय की आयसेलिनला बसून थीसिस लिहिणार. आईलाही तेच. खरं फक्त देवयानीला माहीत, तेही ‘फ्लोरिडात कुठेतरी’ इतकंच. ती वीस ऑगस्टपर्यंत पुण्यात आहे. थोडं खोटं बोलावं लागलं, पण यार, महाकासवं! पिंजऱ्याशिवाय!

किनाऱ्यापासून बोटीने पाऊण तास. माझी खोली खांबांवर आहे, दोन पुरुष उंच, वर जायला उभी शिडी. खाली पाहुण्यांसाठी पत्र्याचा मांडव, त्यात टेबल, बाकडी आणि पाण्याच्या बाटल्यांची पेटी. शिडीवरून तिन्ही बाजूंना समुद्र दिसतो. फोनला रेंज जेमतेम एक काडी, तीही शिडीच्या सगळ्यात वरच्या पायरीवर.

१० जून, मंगळवार

एकूण सात. सगळ्यात मोठ्या नराचं नाव मामंजी. काकूंनी सासऱ्यांवरून ठेवलंय. म्हणाल्या, तीच मान, घास चावतानाचा तोच आवाज, आणि कितीही वाढलं तरी पानावरून उठणं नाही. मामंजींचं वजन अडीचशे किलोच्या आसपास असेल. मी त्यांना ‘अहो’ म्हणते. मादीत मोठी आक्का. बाकी पाच नुसते आकड्यांनी ओळखते, नावं सुचली की ठेवीन.

काका आठवड्यातून दोनदा कोबी, गाजरं आणि गवताचे भारे आणतात. बोटीचा भोंगा ऐकला की ही मंडळी बेटाच्या टोकापासून निघतात आणि अर्ध्या तासाने पोचतात. दिसायच्या कितीतरी आधी ऐकू येतात. झुडपांना पाठ घासत येतात, पाटा फरशीवरून ओढावा तसा आवाज. मी चहा घेऊन त्यांची वाट बघत बसते. इतकं शांत मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

१८ जून, बुधवार

आज एक गंमत शिकले. कासवाच्या मानेखाली काडीने खाजवलं की ते चारही पाय ताठ करून उभं राहतं, मान आकाशाकडे ताणतं, डोळे मिटून घेतं. मूळ कारण पक्षी. साळुंकीएवढे काळे पक्षी समोर येऊन उड्या मारतात, कासव उठतं, पक्षी खाली शिरून कातडीच्या घड्यांतले गोचीड टिपतात. कासव तोवर दगड होऊन उभं. मी मामंजींना खाजवलं, ते टेबलासारखे उठले, आणि मी आडवी होऊन टेपने त्यांच्या पोटाची मापं घेतली. त्यांचा श्वास माझ्या केसांवर येत होता. शिळ्या पाल्याचा वास.

थीसिसमध्ये हे आलं तर गाइड खुर्चीतून उठतील.

२९ जून, रविवार

पाहुण्यांची पहिली ट्रिप. अकरा जण, पांढऱ्या टोप्या, सनस्क्रीनचा वास. काका त्यांना सांगतात की ही कासवं शेकडो वर्षांपूर्वी जहाज फुटल्यावर पोहत आली आणि रानटीच राहिली. धादांत खोटं. काकांनीच ती सहा वर्षांपूर्वी कुठूनतरी आणवली. एका बाईंनी माझ्याकडे वळून खात्री करून घेतली. मी मान डोलावली. काका आपल्यातले, वडीलधारे. लोकांसमोर त्यांना खोटं कसं पाडायचं?

६ जुलै, रविवार

आक्का उठून उभी होती, खाली एक पक्षी गोचीड टिपत होता, आणि ती धप्पकन बसली. मला वाटलं दमली. मग उठली, मागे सरकली, मान खाली घातली आणि चेचलेला पक्षी खाल्ला. पिसांसकट. पक्षी पूर्ण मेलेला नव्हता. पंख हलत होता आणि आक्का सावकाश चावत होती, चार मिनिटं.

कॅमेऱ्यात सगळं आहे! हे कुणी नोंदवलं असेल असं मला वाटत नाही. टाळ्या वाजवत मी एकटीच मांडवात नाचले.

९ जुलै, बुधवार

काकांनी व्हिडिओ चारदा बघितला. म्हणाले, हे रविवारी लोकांना दाखवता आलं पाहिजे. पोट भरलेलं कासव कशाला मेहनत करेल, म्हणून आता खाणं फक्त रविवारी, ट्रिप गेल्यावर. मला विचारलं, तुझ्या सायन्सला चालेल ना? मी म्हटलं, उलट बरंच, उपासाचा परिणाम मोजता येईल. काका माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, हुशार आहेस.

वहीत नवा रकाना आखला: ‘शेवटचं खाणं, किती दिवस.’

२० जुलै, रविवार

उपासाचा परिणाम दिसतोय. आज दोन तासांत तीन पक्षी. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एक छोटी मुलगी मात्र आईच्या कुशीत तोंड खुपसून रडत राहिली, ‘मेक इट स्टॉप, मेक इट स्टॉप.’ बेटावरचा पाला मान पोचेल तितक्या उंचीपर्यंत संपलाय. फड्या निवडुंगाचे बुंधेसुद्धा कुरतडलेत. काकांनी आज कोबीच्या दोनच पेट्या आणल्या. मामंजी कोबी संपलेल्या जागची वाळू चाटत उभे होते, अंधार पडेपर्यंत.

कालपासून एक गोष्ट लक्षात येतेय. भोंगा नसला तरी ते येतात. मी मांडवात बसले की येतात.

२७ जुलै, रविवार

आज फार वाईट झालं.

ओहायोच्या एक बाई, साठीच्या. मामंजींची मान खाजवत होत्या, नवरा फोटो काढत होता. मामंजी उठले, मान ताणली, मग मान वळवली आणि बाईंचा हात तोंडात घेतला. बाई आधी हसल्या. कासवाला दात नसतात, शिंगासारखी कडक धार असते. ओढताना सुटेना. सुटला तेव्हा दोन बोटं नव्हती.

मामंजी चावत होते. इतक्या आरडाओरड्यात मला तेवढाच आवाज आठवतोय.

काकांनी टेबलावरच इंजेक्शन दिलं, टाके घातले, इतक्या शांतपणे की नवऱ्याने त्यांचे आभार मानले. मग सगळ्यांना बोटीत घालून गेले. कोबी उतरवायचा राहिला. पेट्या बोटीतच परत गेल्या.

२८ जुलै, सोमवार

काका एकटे आले, हात हलवत. खाणं नाही. मी म्हटलं, काका, वाइल्डलाइफ खात्याला कळवायला हवं, ही भुकेने वेडी झालीत. तुम्ही नाही कळवलंत तर मी कळवीन.

काका बाकावर बसले. म्हणाले, या कासवांना कागद नाहीत. कळलं तर बेट जाईल आणि म्हातारपणी मी तुरुंगात जाईन. मग म्हणाले, “आणि पोरी, तुला तरी कुठे कागद आहेत? तू इथे नाहीसच. तू आयसेलिनला आहेस.”

मी म्हटलं, मला परत पाठवलं तर पाठवू देत.

काका म्हणाले, ठीक आहे, शनिवारी येतो, दोघं मिळून फोन करू. जाताना डोक्यावर हात ठेवला. मला रडूच आलं. किती समजूतदार माणूस, आणि मी किती तोडून बोलले.

१ ऑगस्ट, शुक्रवार

मांडवात आहे. जमिनीवर. कालपासून.

खात्याचे लोक आले की सगळं बंद होणार, म्हणून काल सकाळी राहिलेलं माप घ्यायला गेले. एकच राहिलं होतं, मामंजींच्या पोटाची मागची बाजू. वीस वेळा केलेलं काम. मान खाजवली, ते उठले, मी आडवी होऊन खाली शिरले.

ते बसले.

हाडाचा आवाज आधी आला, दुखणं नंतर. उजवी मांडी आणि कंबर त्यांच्याखाली, डावा हातही. किती वेळ ते कळलं नाही. मग ते उठले, मागे सरकले. पक्ष्याच्या वेळी सरकतात तसेच. मान खाली आली. मी टेपची लोखंडी डबी त्यांच्या डोळ्यावर मारली, पुन्हा पुन्हा. तेव्हा मान आत घेतली.

मांडवापर्यंत चाळीस पावलं. सरपटत, दुपारपर्यंत. ते मागून येत होते. माझा वेग आणि त्यांचा वेग जवळजवळ एकच होता.

शिडी जमली नाही. दोनदा प्रयत्न केला. फोन वर आहे. बाकडी एका हाताने ओढून भोवती आडवी केलीत. पाण्याच्या चार बाटल्या, ही वही, पेन. उजवं पाऊल थंड आहे.

काका उद्या येणार. उद्या शनिवार.

२ ऑगस्ट, शनिवार

आले! काका आले!

बाकडी सरकवून शेजारी बसले. पाऊल दाबून बघितलं, नाडी शोधली, सापडली नाही. चेहरा डॉक्टरचा झाला. इंजेक्शन दिलं, पहिल्यांदा दुखणं थांबलं. म्हणाले, या बोटीत असं नेता येणार नाही, मोठी बोट आणि स्ट्रेचर आणतो. वर जाऊन माझी बॅग, कॅमेरा, कामाच्या वह्या, फोन, सगळं घेऊन आले. म्हणाले, सांभाळून ठेवतो. ही वही तेवढी माझ्या पाठीखाली राहिली. फोन त्यांच्या शर्टच्या खिशात होता, मला दिसत होता. म्हटलं, आईला एकदा. म्हणाले, बोटीतून लावतो.

धक्क्यापर्यंत गेले, परत वळले.

“देवयानीला तू बेटाचं नाव सांगितलंयस का गं?”

औषधाने जीभ जड झाली होती. नाही म्हटलं.

“बरं,” म्हणाले. “पड आता.”

बोट गेली. पण बाकडी परत लावली नाहीत त्यांनी. मी ओढतेय. एक येतं, दुसरं येत नाही.

३ ऑगस्ट

कुणी आलं नाही. रविवार असून ट्रिप नाही. मोठी बोट मिळाली नसेल. स्ट्रेचर शोधत असतील.

कासवं सातही मांडवाभोवती. पत्र्याच्या सावलीच्या कडेला. नुसती उभी. आक्काला मी ओरडून हाकललं, तिने मान आत घेतली, मोजून शंभर आकडे, बाहेर काढली.

शेवटचं खाणं २० तारखेला. चौदा दिवस. रकाना मीच आखला होता.

४ ऑगस्ट

दुपारी इंजिनाचा आवाज. ओरडले, रडले. काकांचीच बोट. किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर थांबली. नांगर टाकला. काका उभे राहिले, दुर्बिणीतून माझ्याकडे बघितलं. मी हात हलवला. त्यांनी दुर्बीण खाली घेतली, थर्मासमधून काहीतरी प्यायले, पुन्हा बघितलं.

तासभर.

मग नांगर उचलला.

आता कळलं. वाट बघतायत. स्वतःच्या हाताने काही करायचं नाही त्यांना, म्हणून नुसती वाट—

दोन बाटल्या राहिल्यात. एका बाकाचा पाय मोडला. मामंजी ढकलतात, थांबतात, ढकलतात. घाई नाही.

५ ऑगस्ट

बोटीत काकू होत्या! धक्क्याला लागली बोट. काकू उतरल्या, डोक्याला पदर, हातात स्टीलचा डबा. मी किंचाळले, काकू, मला न्या, मी कुणाला सांगणार नाही, शप्पथ, माझी आई एकटी आहे काकू—

थांबल्या. एक पाऊल पुढे टाकलं. काका मागून काही बोलले. आवाज चढवून नाही. काकूंनी डबा धक्क्यावर ठेवला, झाकण नीट बसलंय ना बघितलं, आणि बोटीत जाऊन माझ्याकडे पाठ करून बसल्या. खांदे हलत होते.

रडल्या म्हणजे— पण गेल्या.

डबा पन्नास पावलांवर. आंबट वरणाचा वास येतोय की मला भास होतोय. चार नंबर तिकडे गेलं. झाकण वाजलं. खूप वेळ वाजत होतं.

६ ऑगस्ट

डोळा लागला असावा. जाग आली ती आवाजाने. ओला, सावकाश.

पायाशी आक्का. मला काही जाणवत नव्हतं म्हणून आधी वाटलं, बूट खातेय.

बूट बाजूला पडला होता.

मारलं तिला. बाटलीने, डबीने. गेली नाही. तोंडात होतं ते संपवूनच गेली.

शर्टची बाही बांधलीय वर, घट्ट. रक्त कमी आहे. माश्या

आई, मी आयसेलिनला नाही. फ्लोरिडा. नेपल्सच्या दक्षिणेला, पाऊण तास, खांबांवरची खोली, चंद्रशेखर आणि शोभना— आडनाव विचारलंच नाही मी कधी. काका म्हटलं की झालं.

पाणी एक घोट.

७ — गुरुवार?

काका उतरलेत. एकटे. पेट्या उतरवतायत. कोबी. देवा, कोबी आणलाय त्यांनी. दया आली. यांना खायला घालतील मग ती माझ्याकडून सरकतील मग—

भोंगा वाजवला. सगळी वळली. मामंजीसुद्धा.

काका मांडवाकडे येतायत. दहा पावलांवर थांबले. जवळ येत नाहीत. म्हणाले, “भूक लागली असेल ना पोरी.”

पहिला कोबी माझ्या छातीवर आपटला. दुसरा बाकाच्या आत. तिसरा मांडीशी. का इथे? तिकडे टाका, काका, तिकडे

सगळे इथेच टाकतायत. माझ्यावर. पानं केसांत—

पेटी संपली. हात झटकले. गेले. इंजिन.

येतायत. सातही. पाटा ओढल्यासारखा—

बाक पडलं

मी खातेय. थांबवत नाही. चार— सात दिवसांनी. पाणी आहे यात, गोड आहे, थंड. जितकं संपवीन तितकं त्यांना कमी, सगळं संपवलं तर

आक्का डाव्या हातापाशी. तो हात दुखत नाही

मामंजी समोर. तोंडासमोर. हा मोठा कोबी मी दातांनी धरलाय, ते पलीकडून, मी इकडून. त्यांचे डोळे मिटलेले. सावकाश. पान संपत आलंय, मी अजून एक घास, ते अजून